कुटुंब क्रमांक

ऑफिसात टीम बदलली की पहिल्या डिसेंबरात एक संवाद हमखास होतो. मी सांगते, चोवीस तारखेला जरा लवकर निघेन. समोरचा विचारतो, "का गं, गावाला चाललीस?" मी म्हणते, "नाही, चर्चला." मग एक छोटा पॉज. आणि मग, "तू ख्रिश्चन आहेस? पण आडनाव तर अगदी आपलं मराठी आहे!" हे 'आपलं' मी आता हसून सोडून देते. पुढचा प्रश्नही ठरलेला: "मग गोव्याची का तू?"

नाही हो. मी नगरची. अहमदनगर (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण बोलताना आमचं नगर ते नगरच). अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत आली आणि १८३१ साली नगरला. 'ज्ञानोदय' मासिक १८४२ मध्ये नगरहून सुरू झालं. म्हणजे आमच्याकडे मराठीतून प्रार्थना करणाऱ्यांच्या सहा-सात पिढ्या होऊन गेल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर म्हणत मी मोठी झाले. गिटार मी चर्चमध्ये पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात आल्यावर.

हे सगळं आधी सांगायचं कारण, आजचा विषय चर्च शोधण्याचा आहे आणि तुमच्यापैकी बहुतेकांना वाटेल की त्यात शोधायचं काय? मॅपवर टाका, जवळचं दिसेल तिथे जा. मलाही २०१५ साली, बाविसाव्या वर्षी, नोकरी लागून पुण्यात येताना तसंच वाटलं होतं. आमच्या नगरच्या चर्चमध्ये 'शोधणं' हा प्रकारच नव्हता. आजी जिथे बसायची त्याच बाकावर आई बसते. आई मिशनच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे अर्धी मंडळी तिची विद्यार्थी आणि उरलेली अर्धी तिच्या विद्यार्थ्यांचे आईबाप. मी कुणाची कोण हे मला कधी सांगावंच लागलं नाही. उलट मी रविवारी दिसले नाही तर सोमवारी भाजीवाल्या मावशीसुद्धा आईला विचारायच्या, "पोरगी आजारी आहे का?" त्या वयात याचा वैताग यायचा.

पुण्यात चर्च शेकड्याने असावीत असं वाटतं, इतके प्रकार. कॅम्पातली इंग्रजांच्या वेळची दगडी चर्चेस, पेठेतलं पंचहौद, कॅथलिकांची वेगळी, मेथडिस्टांची वेगळी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं, पण इथले बरेचसे मेथडिस्ट ऐन वेळी त्यातून बाहेर राहिले. म्हणून आजही दोघांचे बोर्ड वेगळे. मग केरळच्या मंडळींची, तमिळ मंडळींची, आणि गेल्या काही वर्षांत हॉटेलच्या नाहीतर मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरणारी नवी इंग्रजी चर्चेस. यातलं 'आपलं' कोणतं हे ठरवायला मला पाच वर्षं लागली. सहावं वर्ष कोविडने खाल्लं.

सुरुवात हॉलवाल्या चर्चपासून केली, कारण फ्लॅटमेट तिथे जायची. सकाळी अकराला सुरू, म्हणजे शनिवारी रात्री रिलीज असलं तरी झोप होते. एसी, मोठा स्क्रीन, त्यावर गाण्याचे शब्द, ड्रम्स. दारात टी-शर्ट घातलेली दोन हसरी मुलं. "फर्स्ट टाइम?" म्हणून लगेच हातात फॉर्म. नाव, मोबाइल, कंपनी, कुठे राहता, 'मॅरिटल स्टेटस' आणि 'प्रार्थनेची गरज'. सोमवारी बरोबर दहा वाजता मेसेज. बुधवारी फोन. शुक्रवारी बाणेरच्या केअर ग्रुपचं आमंत्रण. मी आमच्या कंपनीच्या एचआरला म्हटलं होतं, ऑनबोर्डिंग शिकायचं तर यांच्याकडे पाठवा.

यात टिंगल अजिबात नाही. ती मुलं मनापासून करायची. घरापासून दोन हजार किलोमीटरवर नोकरी करणारा मिझोरामचा पोरगा तिथे आला की त्याला तासाभरात चार मित्र मिळायचे. हे आमच्या जुन्या चर्चना अजून जमलेलं नाही, आणि जमत नाही याचं त्यांना फारसं काही वाटतही नाही. मी तिथे दीड वर्ष गेले. सुटलं ते वेगळ्याच कारणाने. बाबांना २०१७ मध्ये अटॅक आला. मी पुण्याहून निघेपर्यंत ग्रुपने फोनवर माझ्यासाठी प्रार्थना केली, इंग्रजीत, फार छान शब्दांत. मी "आमेन" म्हटलं. शिवाजीनगरला नगरची एसटी धरली आणि खिडकीशी बसून प्रार्थना करायला डोळे मिटले, तर तोंडून इंग्रजी येईना. आलं ते आजीचं मराठी, "हे कृपाळू बापा"पासून सुरू होणारं. शिरूर गेलं, सुपं गेलं, मी तेच म्हणत होते. बाबा वाचले. (आता सकाळी पाच किलोमीटर चालतात आणि रोज स्क्रीनशॉट पाठवतात.) पण त्यानंतर मला कळलं की मी त्या हॉलमध्ये गाणी ऐकायला जाते, प्रार्थना घरी येऊन करते.

मग मराठी चर्च शोधलं. नाव लिहीत नाही, कारण जे लिहिणार आहे ते पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही जुन्या चर्चला लागू पडेल. उपासना सकाळी साडेआठला. बाहेर चपलांचा प्रश्न नाही, आत पंख्यांचा आवाज, 'उपासना संगीत'ची मळकी पुस्तकं, पेटी किंचित बेसूर. दोन मिनिटांत डोळे भरून आले. घरी आल्यासारखं वाटणं म्हणजे काय हे तेव्हा समजलं. फक्त घरच्या लोकांना आपण आलोय याचा पत्ता नव्हता.

सहा रविवार मी एकाच बाकाच्या टोकाला बसले. उपासना संपली की बाहेर पटांगणात घोळके. कुटुंबं कुटुंबांशी बोलतात. मुलं पळतात. पुरुष पार्किंगमध्ये कमिटीच्या निवडणुकीबद्दल कुजबुजतात. मी मोबाइल काढून उगाच मेल बघायचे. सातव्या रविवारी एक बाई स्वतःहून आल्या. "नवीन दिसतेस. आडनाव काय?" सांगितलं. "मूळ गाव?" सांगितलं. "म्हणजे नगरकडचे कोणते म्हणायचे?" इथे मी गप्प राहिले.

हा 'कोणते' बाहेरच्यांना कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या आडनावावरून आणि गावावरून पणजोबा बाप्तिस्म्याच्या आधी गावात कोणत्या बाजूला राहायचे हे कळतं. ख्रिश्चन झालं की जात गेली असं पुस्तकात असतं. सरकारही तसंच धरतं. १९५०च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता, त्यात पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिश्चन नाहीत. म्हणजे सवलतीच्या खिडकीवर आम्हाला जात नाही, आणि चर्चच्या पटांगणात मात्र आहे. त्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना मला कुठल्या तरी कप्प्यात ठेवायचं होतं, कारण कप्पा सापडल्याशिवाय पुढे काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं. आणि पुढचं बोलणं होतं: "लग्न?"

चर्चमध्ये लग्नाबद्दल विचारतात ही तक्रार आता जुनी झाली. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. विचारा ना, बिनधास्त विचारा. पण 'नाही' हे उत्तर मिळाल्यावर तुमच्याकडे त्या माणसासाठी जागा आहे का? आमच्या चर्चची रचना बघा. लहान मुलांना संडे स्कूल. मग दृढीकरणाचा वर्ग. मग तरुण संघ, त्यात अकरावीपासून कॉलेजपर्यंतची पोरं. मग थेट महिला मंडळ आणि पुरुष मंडळ. मी सत्ताविसाव्या वर्षी तरुण संघात गेले तर पोरं मला "ताई" म्हणून खुर्ची द्यायची आणि मग विषय बदलायची. महिला मंडळात गेले तर सासू, बाळंतपण आणि शाळेच्या ॲडमिशन. दोन्हीकडे प्रेमाने वागले सगळे. पण दोन्हीकडे मी पाहुणी. शिक्षण संपल्यापासून लग्न होईपर्यंतचा काळ म्हणजे एसटी स्टँडवरचा बाक, तिथे कुणी राहायचं नसतं.

गंमत म्हणजे हे कुणाच्या धर्मात? ज्याच्या नावाने सगळं चाललंय तो अविवाहित. पौल अविवाहित, आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो सरळ लिहितो की सगळे माझ्यासारखे असते तर बरं. रोमकरांच्या पत्राचा शेवटचा अध्याय काढून बघा. नुसती नावांची यादी आहे, अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा. फिबी, मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस. यांचे नवरे कोण, होते की नव्हते, काही लिहिलेलं नाही. काय काम केलं एवढंच लिहिलंय. हा अध्याय आमच्याकडे कुणी प्रवचनाला घेत नाही.

तर, चहा. त्या चर्चमध्ये उपासनेनंतर चहा नव्हता आणि मला वाटतं निम्मी अडचण तिथेच होती. हातात कप असला की माणूस पाच मिनिटं थांबतो, त्याला काहीतरी करायला असतं. पुण्यात चर्चच्या चहाचा इतिहास तर फारच मोठा आहे! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या बड्या मंडळींना व्याख्यानाला बोलावलं आणि नंतर चहा-बिस्किटं दिली. हजर होते न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक (आमचे टिळक वेगळे, हे ते केसरीवाले). काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कप हातात धरला. मग गोपाळराव जोशींनी हजर असणाऱ्यांची नावं छापून आणली आणि एका कपावरून शहर पेटलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा पाजणं ही साधी गोष्ट नाही हे पुणेकरांना सव्वाशेहून जास्त वर्षं ठाऊक आहे.

आमच्या टिळकांचंही एक सांगायला हवं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५चा. लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी आल्या, त्यांच्या त्यांच्या वेळेने, 'स्मृतिचित्रे'त ते सगळं आहे. पण पुढे १९१७ मध्ये टिळकांनीच मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, ज्यांना ख्रिस्ताच्या मागे जायचंय ते सगळे यात या, असा तो विचार. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार मागे पडला. मला ते वाचल्यावर बरं वाटलं होतं. इतक्या मोठ्या माणसालाही असलेल्या चर्चच्या चौकटीत मावेना झालं होतं, मग आपण कोण!

२०२० आलं. मार्चमध्ये चर्च बंद. पोहे परतता परतता यूट्यूबवर एका रविवारी चार-चार उपासना बघितल्या. प्रवचन आवडलं नाही की दुसरी टॅब. सोय खूप होती आणि मी आतून वाळत चालले होते. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं नोव्हेंबर २०२० मध्ये पाडव्याला उघडली, पुन्हा बंद झाली, आणि शेवटी ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला उघडली. त्या रविवारी मी ऑफिसच्या एका मैत्रिणीच्या मावशीबरोबर तिच्या चर्चला गेले. मराठीच, लहानसं, पत्र्याचं छप्पर. मास्क लावून, एकाआड एक बाक सोडून शंभरेक माणसं असतील.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात उभे होते. त्यांनी नाव विचारलं, आडनाव नाही. "काय करता?" म्हणाले. सॉफ्टवेअर म्हटल्यावर तोंड उजळलं. "मग त्या कॅमेऱ्याचं बघा बरं जरा, आवाज आधी येतो आणि मी नंतर." मी पुढचा दीड तास लॅपटॉपपाशी वायरींमध्ये बसले होते. शेजारी एक रिटायर्ड काका, माजी टेलिफोन खात्यातले, टॉर्च धरून. कुणीतरी स्टीलच्या पेल्यात चहा आणून ठेवला. माझं लग्न झालंय का हे त्या दिवशी कुणालाच विचारायला वेळ मिळाला नाही. दुसऱ्या रविवारी मी पोचले तर काका लांबूनच ओरडले, "आल्या का मॅडम, परत बिघडलंय!"

'वेलकमिंग चर्च' म्हणजे काय यावर इंग्रजीत भरपूर पुस्तकं आहेत. माझा अनुभव इतकाच की मला फॉर्मने नाही, त्या वायरने बांधलं. ज्याला काम सांगता येतं तो आपला. नगरला आई सणाच्या आदल्या दिवशी घरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात लसूण सोलायला द्यायची, पाव्हणा असो की पोस्टमन.

तरी एक गोष्ट अडलीच. २०२२ मध्ये मी सभासदत्व बदलून घ्यायचं ठरवलं. नगरच्या चर्चचं पत्र आणायचं, इकडच्या कमिटीपुढे ठेवायचं, मग रजिस्टरला नाव. हे नुसतं कागदी काम नसतं. सभासद असलं की मतदान करता येतं. लग्नाच्या घोषणा तुमच्या नावाने तिथे वाचल्या जातात. आणि मेल्यावर दफनभूमीत जागा मागायची तर आधी रजिस्टरच उघडतात. सेक्रेटरीसाहेब भला माणूस. पत्र वाचून म्हणाले, "कशाला घाई करता? लग्न झालं की मिस्टर ज्या चर्चचे असतील तिकडे परत बदली करावी लागेल. तोवर नगरलाच राहू द्या, वडिलांच्या नावाखाली." रजिस्टरला एका पानावर एक कुटुंब असतं. वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली बायको-मुलं. माझ्यासाठी पान कसलं काढायचं हा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता.

मी एकोणतीस वर्षांची होते. सात वर्षं स्वतःचं भाडं भरत होते, बाबांचा विमा भरत होते, माझ्या हाताखाली सहा माणसं होती. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, पण त्यांचा तो भाबडा चेहरा बघून भांडता येईना. मी एवढंच म्हटलं, "साहेब, उद्या मला काही झालं तर मला पुरणार कोण, होणारे मिस्टर?" ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, कमिटीत ठेवतो.

कमिटीत काय झालं ते मला टेलिफोनवाल्या काकांकडून कळलं. अर्धा तास चर्चा. एकाने म्हटलं, असं केलं तर उद्या सगळी एकटी पोरं पान मागतील. त्यावर महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, ज्या स्वतः आयुष्यभर नर्स होत्या आणि लग्न केलेलं नाही, त्या म्हणाल्या, "मागू द्या की. माझं नाव गेली चाळीस वर्षं माझ्या भावाच्या पानावर आहे. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली." म्हणे त्यानंतर कुणी बोललं नाही. त्या महिन्यात दोन नवी पानं निघाली. पहिलं सिस्टरबाईंचं, दुसरं माझं. दानाच्या लिफाफ्यांवर आमच्याकडे कुटुंब क्रमांक असतो, तो मला मिळाला १८७. त्यांना १८६.

क्रमांक मिळाला की नाव कॅरलच्या यादीत आपोआप येतं, हे माझ्या लक्षात नव्हतं. डिसेंबरात एक मुलगा फोन करून म्हणाला, "ताई, वीस तारखेला रात्री साडेनऊला तुमच्याकडे." चौथा मजला, भाड्याचा वन बीएचके, घरात खुर्च्या दोन. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवलं, ते म्हणाले, दहाच्या आत आवरा. चौतीस माणसं आली. सांताक्लॉजची दाढी लिफ्टच्या दारात अडकली. ढोलकी, खंजिरी, जिन्यात रांग, समोरच्या जोशीकाकू दार उघडून बघायला आल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मी करंज्या नगरहून मागवल्या होत्या, केक कमी पडला. सिस्टरबाई धापा टाकत सगळ्यात शेवटी वर आल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे अजून यायचीत, तिकडे मटण आहे, इथे पोट भरू नका रे."

लग्नाचं अजून विचारतात. मीही आता उत्तर देते, "स्थळ असेल तर सांगा, पण कॅमेऱ्याच्या वायरी कळणारा हवा." सिस्टरबाईंनी आमच्यासारख्यांसाठी पहिल्या शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी बैठक सुरू केलीय. सध्या नऊजण येतो. त्यात एक घटस्फोट झालेली मुलगी आहे, एक पन्नाशीचे विधुर आहेत, एक तो मिझोरामचा पोरगा आहे, मराठी शिकतोय आणि रश्श्याला 'करी' म्हणाला की दंड भरतो. बैठकीला अजून नाव ठरलेलं नाही. परवा कमिटीने विचारलं, हे तरुण संघात धरायचं की महिला मंडळात? सिस्टरबाई म्हणाल्या, वेगळं पान काढा.